ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन : अंतर किती, वेळ किती?

(इयत्ता चौथी)

हा लेख जरा मोठा झाला आहे. तीन ताव लागले. उभे राहून वाचायला कंटाळा आला तर अर्धा आज वाचा, अर्धा उद्या वाचा. पण गणिते सोडून वाचू नका, कारण सगळी गंमत गणितातच आहे.

झाले असे. वेग, वेळ आणि अंतर यांची गणिते शिकवताना गुरुजींनी खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीवर दोन ठिकाणांची नावे. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने त्या दोन ठिकाणांतले अंतर शोधायचे आणि तिथून तिथे जायला किती वेळ लागतो ते सांगायचे. कुणाला मुंबई-नागपूर आले, कुणाला पुणे-कोल्हापूर आले. माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘ट्रॉम्सो विमानतळ ते लाँगयिअरब्येन विमानतळ’. मी तीनदा वाचले तरी जीभ वळेना. सगळा वर्ग हसला. मी चिठ्ठी बदलून मागितली. गुरुजी म्हणाले, “बदलून मिळणार नाही. लांबची चिठ्ठी आली तर लांब जायचं.”

मग मी लांब गेले. म्हणजे बसल्या जागीच गेले, पृथ्वीगोल घेऊन.

आधी ही ठिकाणे कुठे आहेत ते सांगते. युरोप खंडात अगदी वरच्या बाजूला नॉर्वे नावाचा लांबुळका देश आहे. त्या देशाच्या उत्तरेकडे ट्रॉम्सो हे शहर आहे. ते बरेचसे एका बेटावर वसलेले आहे. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तिथला विमानतळ १९६४ साली सुरू झाला. तिथून आणखी उत्तरेला निघाले की नुसता समुद्र लागतो. तो ओलांडला की स्वालबार्ड नावाची बेटे येतात. ती पण नॉर्वेचीच. त्यातल्या मोठ्या बेटावर लाँगयिअरब्येन आहे. तिथे सुमारे अडीच हजार माणसे राहतात, म्हणजे आपल्या आसपासच्या दोन-तीन गावांएवढी. जॉन लाँगयिअर नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६ साली तिथे कोळशाच्या खाणीचा उद्योग सुरू केला, त्याचे नाव गावाला पडले. ‘ब्येन’ म्हणजे त्यांच्या भाषेत शहर. आपल्याकडे असते तर लाँगयिअरपूर म्हटले असते आणि माझी जीभ वळली असती.

जगात ज्या विमानतळावर कुणीही तिकीट काढून वेळापत्रकाच्या विमानाने जाऊ शकतो, त्यांतला सर्वांत उत्तरेचा विमानतळ हाच. विमानतळाबाहेर एक खांब आहे. त्यावर निरनिराळ्या दिशांना पाट्या ठोकल्या आहेत आणि जगातली मोठी शहरे तिथून किती किलोमीटर आहेत ते लिहिले आहे. पांढऱ्या अस्वलाचे चित्रसुद्धा आहे. ते चित्र शोभेचे नाही. तिथे खरी अस्वले आहेत आणि वस्तीबाहेर जाताना लोक बंदूक बरोबर घेतात.

आता अंतर. पहिल्यांदा मी काय केले तर वर्गातला जगाचा नकाशा काढला आणि पट्टी लावली. आपला नकाशा आडवा मोजला तर १०० सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणून १ सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन नकाशावर ९ सेंटिमीटरला थोडे कमी भरले. मी ९ धरले.

९ × ४०० = ३,६०० किलोमीटर.

मी खूश झाले. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून गुरुजींना दाखवले. गुरुजींनी पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. ते काही बोलत नाहीत तेव्हा उत्तर चुकलेले असते, हे तुम्हालाही माहीत आहे. मग त्यांनी कपाटावरचा पृथ्वीगोल काढला, फडक्याने धूळ पुसली आणि माझ्या हातात दोऱ्याचे रीळ दिले.

पृथ्वीगोलाच्या पोटावर विषुववृत्तावरून दोरा गुंडाळला तर ८० सेंटिमीटर भरला. ४०,००० भागिले ८० म्हणजे ५००. म्हणून गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० किलोमीटर, आणि १ मिलिमीटर म्हणजे ५० किलोमीटर. मग दोऱ्याचे एक टोक ट्रॉम्सोवर धरले, दुसरे लाँगयिअरब्येनवर ताणले, नखाने खूण केली आणि दोरा पट्टीवर ठेवला. किती भरला असेल? फक्त १९ मिलिमीटर!

१९ × ५० = ९५० किलोमीटर.

एकाच दोन गावांचे अंतर एकदा ३,६०० आणि एकदा ९५०. जवळजवळ पावणेचार पटींचा फरक. मला वाटले, मीच कुठेतरी गुणाकार चुकले. तीनदा करून पाहिला. गुणाकार बरोबर होता. चुकला होता तो नकाशा.

याचे कारण गुरुजींनी मोसंबीवर दाखवले. (ते मोसंबे नंतर वर्गात वाटले, मला दीड फोड आली.) मोसंबीची साल काढून पाटावर सपाट ठेवायला गेले की ती फाटते. पृथ्वी पण गोल आहे. ती कागदावर सपाट करायची आणि फाटू तर द्यायची नाही, म्हणून नकाशा करणारे लोक वरचा व खालचा भाग ताणतात. जितके ध्रुवाजवळ जावे तितका ताण जास्त. आपल्या नकाशात वर ग्रीनलंड नावाचे बेट आहे, ते आफ्रिकेएवढे दिसते. खरे म्हणजे आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे. जाऊन पहा, तुम्हीही फसाल. म्हणून उत्तरेकडची अंतरे भिंतीवरच्या अशा नकाशावर पट्टी ठेवून मोजायची नाहीत. मुंबई-नागपूरवाल्याचे उत्तर नकाशावर जवळपास बरोबर आले आणि माझे आले नाही, यात त्याची हुशारी नाही. त्याची चिठ्ठी खालची होती.

आता दुसरी रीत, दोऱ्याशिवायची. पृथ्वीवर आडव्या रेषा आहेत त्यांना अक्षवृत्ते म्हणतात. विषुववृत्तावर शून्य अंश आणि उत्तर ध्रुवावर ९० अंश. पूर्ण फेरी ३६० अंशांची. ४०,००० भागिले ३६० केले तर १११ येतात आणि थोडे उरतात. म्हणजे सरळ उत्तरेला एक अंश गेले की १११ किलोमीटर गेलो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, फार उपयोगी आहे.

ट्रॉम्सोचा विमानतळ पावणेसत्तर अंशांच्या किंचित खाली. लाँगयिअरब्येनचा सव्वाअठ्ठ्याहत्तर अंशांवर. वजाबाकी केली की साडेआठ अंश.

८ × १११ = ८८८, आणि अर्ध्या अंशाचे साडेपंचावन्न. बेरीज ९४३ आणि अर्धा.

दोऱ्याने ९५०, अंशांनी ९४३. आता जवळ आले ना? पुस्तकातले खरे अंतर सुमारे ९६० किलोमीटर आहे. आपल्याला थोडे कमी आले, कारण मी पाव आणि अर्धे असे ढोबळ अंश धरले, आणि दुसरे म्हणजे लाँगयिअरब्येन हे ट्रॉम्सोच्या अगदी नाकासमोर नाही, ते थोडे पश्चिमेला सरकलेले आहे. तिरके गेले की अंतर वाढतेच. शाळेचे मैदान कोपऱ्यातून कोपऱ्यात ओलांडून पहा.

इथे एक गोष्ट मला आधी पटत नव्हती. उभ्या रेषांना रेखावृत्ते म्हणतात. ट्रॉम्सो आणि लाँगयिअरब्येन यांच्यात साधारण साडेतीन रेखांशांचा फरक आहे. मी लगेच साडेतीनला १११ ने गुणायला बसले. गुरुजी म्हणाले, “थांब. त्या रेषांवरून बोट फिरव.” बोट फिरवले तर काय, सगळ्या उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींच्या जवळ येतात आणि ध्रुवावर एकत्र मिळतात. मोसंबीच्या फोडींसारख्या. म्हणून विषुववृत्तावर एका रेखांशाचे १११ किलोमीटर असले तरी महाराष्ट्रात ते सुमारे १०५ होतात, ट्रॉम्सोला सुमारे ३९ आणि लाँगयिअरब्येनला सुमारे २३. ध्रुवावर शून्य. म्हणजे ध्रुवावर उभा राहिलेला माणूस स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि ३६० रेखांश फिरून होतात! लाँगयिअरब्येनहून तो ध्रुवसुद्धा फार लांब नाही. पावणेबारा अंश उरतात, म्हणजे सुमारे १,३०० किलोमीटर.

अंतर झाले ९६०. विमानाने मुंबईहून दिल्ली याच्यापेक्षा लांब आहे आणि मुंबईहून नागपूर जवळ आहे, असे लक्षात ठेवा.

आता वेळ. जेट विमान वर आकाशात ताशी सुमारे ८४० किलोमीटर जाते. तासाचे ८४०, तर मिनिटाचे किती? ८४० भागिले ६०, म्हणजे १४. आपण एक, दोन असे साठ आकडे म्हणेपर्यंत विमान तालुक्याच्या गावाला पोचले! आपल्या गावापासून तालुका बरोबर १४ किलोमीटर आहे म्हणून सांगितले.

९६० भागिले १४ केले तर ६८ येतात आणि ८ उरतात. म्हणजे साधारण ६९ मिनिटे. एक तास नऊ मिनिटे.

मी हे उत्तर लिहिले. पण गुरुजींनी मोबाईलवर विमानांचे वेळापत्रक काढले तर त्यात दीड तासाहून जास्त, काही ठिकाणी पावणेदोन तासांपर्यंत वेळ दाखवला होता. दोन्ही गावांचे घड्याळ एकच आहे, त्यामुळे पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ सरळ वजा करता येते, त्यात चूक नाही. मग ही वरची अर्ध्या तासाएवढी मिनिटे गेली कुठे?

मिनिटे शोधायला मला दोन दिवस लागले. आधी आपली एसटी पाहू. एसटी रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० ने गेली तर १४ किलोमीटरला २१ मिनिटे पुरतात. पण लागतात ४५. कारण ती थांब्यावर थांबते, घाटात हळू जाते, पाटलांच्या म्हशी आडव्या येतात. विमानाला म्हशी आडव्या येत नाहीत, पण त्याचेही असेच आहे. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत मोजतात. आधी ते हळूहळू धावपट्टीच्या टोकापर्यंत जाते. हिवाळ्यात पंखांवर बर्फ साचतो. बर्फ साचला की पंखाचा आकार बिघडतो आणि विमान नीट उचलले जात नाही. म्हणून उडण्याआधी पंखांवर गरम औषधी पाणी फवारून बर्फ काढतात, आपण द्राक्षांवर फवारा मारतो तसे. मग उड्डाण. पण उडाल्याबरोबर ८४० चा वेग येत नाही. दहा किलोमीटर उंच चढेपर्यंत विमान हळू असते. उतरताना पण शंभर-दोनशे किलोमीटर आधीपासून वेग कमी करत यावे लागते. ९६० किलोमीटरच्या प्रवासात चढण आणि उतरण यांचाही वाटा बराच असतो.

लाँगयिअरब्येनला उतरताना तर घाई करून चालतच नाही. बाजूला डोंगर आहेत, धुके असते, वारा असतो. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून आलेले एक विमान तिथे उतरण्याआधी डोंगरावर आदळले आणि त्यातली सर्व १४१ माणसे मेली. म्हणून हवा वाईट असली तर वैमानिक उतरत नाहीत. वर थोडा वेळ फिरतात, नाहीतर सरळ मागे फिरतात. मध्ये दुसरे गाव नाही. वाटेत अस्वल बेट नावाचे एक छोटे बेट आहे, तिथे हवामान पाहणारी थोडीशी माणसे राहतात, पण मोठे विमान उतरायला जागा नाही. खाली सगळा समुद्र. त्यामुळे विमानाला परत येण्याइतके इंधन घेऊनच निघावे लागते.

धावपट्टीचीही एक अडचण आहे. तिथली जमीन खोलपर्यंत कायमची गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्यामुळे धावपट्टी कुठे फुगते, कुठे खचते आणि तिची दुरुस्ती करावी लागते. आपल्या रस्त्याला पावसाने खड्डे पडतात, त्यांच्या रस्त्याला बर्फ वितळून.

आणि वारा! हे गणित मला सगळ्यात आवडले. ओढ्याला पाणी असताना प्रवाहाबरोबर चालायला सोपे जाते आणि उलट चालायला जड जाते. आकाशातही हवेचा ओढा असतो. समजा वारा ताशी १२० किलोमीटरने समोरून येत आहे. ८४० मधून १२० वजा. उरले ७२०, म्हणजे मिनिटाला १२ किलोमीटर. ९६० भागिले १२ बरोबर ८० मिनिटे. समजा तोच वारा पाठीमागून आला. ८४० मध्ये १२० मिळवा. झाले ९६०, म्हणजे मिनिटाला १६. ९६० भागिले १६ बरोबर ६० मिनिटे. रस्ता तोच, विमान तेच, आणि जाताना ८० व येताना ६०. बाकी शून्य येते म्हणून हे गणित फळ्यावर लिहायला पण छान आहे.

म्हणून ‘ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन किती वेळ’ असे कुणी विचारले तर उत्तर एक नाही. हवेत सरळ भागाकार केला तर एक तास नऊ मिनिटे, तिकिटावर दीड ते पावणेदोन तास, आणि धुके असले तर देव जाणे.

जानेवारीच्या शेवटी या विमानात बसले तर आणखी एक गंमत दिसेल. ट्रॉम्सोला तेव्हा दुपारी थोडा वेळ सूर्य उगवायला लागलेला असतो. लाँगयिअरब्येनला ऑक्टोबरच्या अखेरीस गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येतच नाही. म्हणजे दुपारी बारा वाजता उजेडातून निघायचे आणि दोन वाजायच्या आत अंधारात उतरायचे. उन्हाळ्यात उलटे. एप्रिलच्या विसाव्या तारखेच्या सुमारापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. आमची आजी म्हणाली, “मग तिथली कोंबडी आरवते तरी कधी?” याचे उत्तर मी शोधणार आहे.

आता मुख्य गोष्ट. लाँगयिअरब्येनचा विमानतळ १९७५ साली झाला. २ सप्टेंबर १९७५ रोजी नॉर्वेचे राजे पाचवे ओलाव यांनी त्याचे उद्घाटन केले. मी विचार केला, १९०६ पासून १९७५ पर्यंत लोक काय करत होते? अंतर तर तेव्हाही ९६० च होते.

तेव्हा बोटीने जात. बोट ताशी २४ किलोमीटरने गेली असे धरा. ९६० भागिले २४, बरोबर ४० तास. पण ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात समुद्र गोठला की बोट येत नसे. नोव्हेंबरपासून मेपर्यंत साधारण सहा महिने गाव बंद. सामान आधीच भरून ठेवायचे. टपालाची पिशवी विमानातून वरून खाली टाकायचे, कारण विमान उतरायला जागा नव्हती. पत्र आले तर यायचे, पण माणसाला जाता यायचे नाही. म्हणजे नोव्हेंबरात कुणी म्हणाले असते, “ट्रॉम्सोला जायला किती वेळ लागतो?” तर खरे उत्तर होते, सहा महिने.

१९५९ च्या फेब्रुवारीत तिथे एक माणूस फार आजारी पडला. त्याला मोठ्या दवाखान्यात नेणे जरूर होते. गावाजवळ ॲडव्हेंट नावाची दरी आहे. तिथल्या सपाट गोठलेल्या जमिनीवर खाणवाल्यांनी धावपट्टी आखली होती. ९ फेब्रुवारीला नॉर्वेच्या हवाई दलाचे कॅटॅलिना जातीचे विमान तिथे उतरले आणि त्या माणसाला घेऊन गेले. तारीख पहा. वर सांगितले तसे सूर्य तोपर्यंत परत आलेला नव्हता. कॅटॅलिना हे जुने पंख्याचे विमान, ताशी सुमारे २०० किलोमीटर जाणारे. ट्रॉम्सोपर्यंतचेच अंतर धरले तर ९६० ला चार तास अठ्ठेचाळीस मिनिटे. आजच्या विमानापुढे हे हळू वाटते. पण सहा महिन्यांतून चार तास अठ्ठेचाळीस मिनिटे वजा करून पहा, त्या माणसाचे किती वाचले. मी ही वजाबाकी केली नाही, वहीत मावणार नाही असे वाटले.

त्यानंतरही ती दरीतली धावपट्टी वर्षात थोडेच दिवस चाले. जमीन कडक गोठलेली असेल तरच. १९७५ नंतर मात्र बारा महिने विमान जाऊ लागले. आता गावात छोटा दवाखाना आहे, आणि मोठे दुखणे झाले तर रोग्याला विमानाने ट्रॉम्सोच्या मोठ्या दवाखान्यात नेतात.

तरीसुद्धा तिथे बाळंतपणाची सोय नाही. बाळ व्हायचे असले की बाईने काही आठवडे आधीच विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जाऊन राहायचे. कारण बाळ वेळापत्रक बघत नाही आणि त्या दिवशी नेमके धुके असले तर?

हे वाचले तेव्हा मी गुरुजींना म्हणाले, “हे आमच्याकडे पण झालं.” गेल्या वर्षी श्रावणात माझा धाकटा भाऊ झाला. आपल्या ओढ्यावरची फरशी पावसात पाण्याखाली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून बाबांनी आईला आषाढातच तालुक्याला मावशीकडे नेऊन ठेवले. १४ किलोमीटर. एसटीने ४५ मिनिटे. फरशी बुडाली की डोंगराकडून वळसा घालून ३८ किलोमीटर, आणि तिकडची दरड आली की वाटच नाही. मी पाच आठवडे आजीजवळ झोपले. ज्या रात्री बाळ झाले त्या रात्री फरशीवर पुरुषभर पाणी होते. बाबा अलीकडे, आई पलीकडे. फोनवर बाळाचे रडणे ऐकू आले. बाळ पाहायला मला तिसऱ्या दिवशी मिळाले. १४ किलोमीटरला तीन दिवस. म्हणजे लाँगयिअरब्येनचा माणूस तेवढ्या वेळात ट्रॉम्सोला जाऊन येऊन वीस-बावीस फेऱ्या करील. फरशीच्या जागी पूल होणार असे मी बालवाडीत असल्यापासून ऐकते आहे. आलेल्या पालकांपैकी कुणाला नक्की माहिती असेल तर गुरुजींना सांगून जावी.

आपल्या देशाची माणसेही या लाँगयिअरब्येनच्या वाटेने जातात बरं का. त्याच्याही वर, सुमारे ११० किलोमीटरवर, नी-ओलेसुंद नावाची वस्ती आहे. तिथे १ जुलै २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ नावाचे संशोधन केंद्र आहे. ते चालवणारे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आपल्या शेजारी गोव्यात, वास्को-द-गामा येथे आहे. आधी आपले शास्त्रज्ञ उन्हाळ्यातच जात. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यात, त्या अंधारातसुद्धा जाऊ लागले. लाँगयिअरब्येनपर्यंत मोठे विमान, पुढे लहान विमान.

आणि माणसेच नाही, बीसुद्धा गेले आहे. विमानतळाजवळच्या डोंगरात २००८ साली जगाचे बियाण्यांचे कोठार उघडले. आत उणे १८ अंश तापमान ठेवतात, म्हणजे बी पुष्कळ वर्षे टिकते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे ज्वारी-बाजरी-तुरीवर संशोधन करणारी इक्रिसॅट ही संस्था आहे. तिने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांची बियाणी तिथे ठेवलेली आहेत. हे आजोबांना सांगितले तर त्यांना खरे वाटेना. म्हणाले, “आमची कणगी बरी, पोरी. उंदीर लागतो, पण हाताशी तरी असते.”

आता तुमच्यासाठी दोन गणिते.

पहिले. लाँगयिअरब्येन ते नी-ओलेसुंद ११० किलोमीटर. लहान विमानाचा वेग ताशी ३३० धरा. किती मिनिटे लागतील? वारा नाही असे समजा.

दुसरे. आपल्या पृथ्वीगोलावर दोरा लावून मुंबई ते लाँगयिअरब्येन किती मिलिमीटर भरते ते मोजा आणि ५० ने गुणा. मग तेच भिंतीवरच्या नकाशावर मोजून पहा आणि दोन्ही उत्तरे माझ्या वहीत लिहा. वही खिडकीत ठेवली आहे. पृथ्वीगोल हळू फिरवा, त्याचा खालचा स्क्रू सैल आहे. दोऱ्याचे रीळ गुरुजींच्या टेबलाच्या खणात आहे, वापरून झाले की परत ठेवा.